प्रकल्प नोंदी: मीकरच्या माळावर म्यूल डियर, जानेवारी ते ऑक्टोबर २०२५

१२ जानेवारी

वही आजपासून सुरू. ऑक्टोबरच्या अखेरीला, दुसऱ्या रायफल हंगामात, वायव्य कोलोरॅडोतल्या सरकारी खुल्या जमिनीवर एक नर म्यूल डियर मारायचा, हा बेत. गाइड नाही, पैसे भरून मिळणारं खाजगी रान नाही. मागची दोन वर्षं शेजारच्या काकांच्या मागे फिरलो, त्यांनी मारलेल्या जनावराचं ओझं उचललं, सुरी कुठे घालायची ते शिकलो. काकांचा गुडघा आता साथ देत नाही. ते म्हणाले, यंदा तू आखायचं, मी फोनवर आहे.

म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे मोठे असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना वळतात. आपल्या वर्गवारीत हे सारंग कुळातलं, म्हणजे चितळ-सांबराचं भाऊबंद. शिंगं दरवर्षी गळतात, दरवर्षी नवी येतात. काळवीट ते कुरंग, त्याची शिंगं कायमची. घरी फोनवर "हरीण" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काळवीट उभं राहतं, म्हणून ही नोंद आधी.

शिकार-प्रशिक्षणाचा दाखला आहे. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे तो लागतोच. एका मित्राने विचारलं होतं म्हणून हेही लिहून ठेवतो: एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण हातात वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो. घाई नव्हती.

२६ जानेवारी

दिवसभर नकाशे. पिवळा रंग म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याची जमीन, हिरवा नॅशनल फॉरेस्ट, निळा राज्याची ट्रस्ट जमीन, पांढरा खाजगी. कोलोरॅडोत निळा पाहून सरळ आत शिरायचं नाही. ट्रस्ट जमिनीपैकी ज्या तुकड्यांचा राज्याच्या प्रवेश योजनेत समावेश आहे तेवढेच खुले. आणि खाजगी जमिनीवर पाटी लावण्याचं बंधन मालकावर नाही. हद्द ओळखायची जबाबदारी शिकाऱ्याची. कुंपण नसेल, पाटी नसेल, तरी पाऊल चुकलं तर गुन्हा माझा. म्हणून फोनमध्ये ऑनएक्स हे हद्दी दाखवणारं ॲप, रेंज नसताना चालावा म्हणून उतरवून घेतलेला नकाशा, आणि त्याशिवाय कागदी नकाशा.

मीकर गाव समुद्रसपाटीपासून सहा हजार दोनशे फुटांवर. डेन्व्हरकडून आय-सत्तरने रायफल गावापर्यंत, तिथून १३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला. नैर्ऋत्येला पसरलेलं खोरं लिहिताना पिसिआन्स, पण तिथली माणसं म्हणतात पीआन्स. पिन्यन आणि जुनिपरची खुरटी झाडं, मधे सेजब्रशचे पट्टे, वर ओक आणि सर्व्हिसबेरीची दाट झुडपं, त्याही वर ॲस्पेन. डोंगरांची घडण पाहताना माझ्या तोंडी सह्याद्रीचेच शब्द येतात: सोंड, धार, घळ, नाळ. तेच वहीत वापरतो. इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण सोंड म्हटलं की पायाला कळतं.

तीन जागा निवडल्या. अ, ब, क. युनिटचा, म्हणजे राज्याने आखलेल्या शिकार-विभागाचा, आकडा आणि घळींची नावं लिहीत नाही. जागा मी शोधली म्हणून ती माझी होत नाही, पण वही दुसऱ्याच्या हातात पडली तर तिथे गर्दी नको.

९ फेब्रुवारी

बाबांशी फोन. त्यांना आवडलं नाही. "आपल्याकडे हरणाला हात लावला तर तुरुंगात जातो माणूस." बरोबर आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि तो यायलाच हवा होता. मी सांगितलं की इथे दरवर्षी राज्याचे जीवशास्त्रज्ञ कळपांची मोजणी करतात, त्यावरून किती परवाने द्यायचे ते ठरतं आणि पैसा त्याच प्राण्यांवर खर्च होतो. १९३७च्या कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. बाबा ऐकत होते.

मग त्यांनी विचारलं, "पण जमीन कुणाची? तुला कोण जाऊ देतं तिथं?"

म्हटलं, गायरान. गायरानासारखीच, फक्त तालुक्याएवढी मोठी. त्यांना एका शब्दात समजलं. आमच्या गावचं गायरान माझ्या लहानपणी ओढ्यापासून टेकाडापर्यंत होतं. मी बारावीला जाईपर्यंत त्यातलं निम्मं कुणाच्या ना कुणाच्या बांधाआड गेलं होतं. तेव्हा कोणी भांडलं नाही, बाबाही नाहीत. ते त्यांना अजून लागतं. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मोकळं आहे तोवर फिरून घे. पण जनावर तडफडायला नको."

हे शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२ मार्च

कळपाचा इतिहास वाचला. २०२२-२३चा हिवाळा या भागात भयंकर गेला. क्रेग, मीकर, रेंजली या पट्ट्यात बर्फ खोल साचला आणि वर कठीण पापुद्रा धरला. हरणांना खालची झुडपं उकरता येईनात. पाडसं फार मोठ्या प्रमाणावर मेली. त्या वर्षी राज्याने परवाने जोरात कापले. पाडसांची एक पिढी गेली की तीन-चार वर्षांनी त्या वयाचे नर कमी दिसतात, हा साधा हिशेब. म्हणजे यंदा मधल्या वयाचे नर थोडे. मी शिंगांच्या मागे नाही, मांसासाठी जातोय. तरी कोवळ्या नरावर गोळी चालवायची की नाही हे आधी ठरवायला हवं. ठरवलं: दोन फाटे स्पष्ट नसतील तर नाही. म्यूल डियरच्या शिंगाची शाखा दोनात फुटते, मग तिची पुन्हा दोनात. व्हाइटटेल या इथल्या दुसऱ्या हरणासारखी एका दांडीवर काटे उभे, तशी नाही.

हा प्राणी गवतावर फारसा चरत नाही, शेळीसारखा शेंडे खुडतो. बिटरब्रश, सर्व्हिसबेरी, माउंटन महोगनी, हिवाळ्यात सेजब्रश. म्हणजे नकाशावर हिरवी कुरणं शोधणं चूक. झुडपं शोधायची.

२० मार्च

परवा दहाव्या सर्किट न्यायालयाचा, म्हणजे या भागातल्या केंद्रीय अपील न्यायालयाचा, निकाल आला. वायोमिंगमधल्या एल्क माउंटनचं प्रकरण. रेल्वेला एकाआड एक चौरस मैल देऊन टाकल्यामुळे तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे: एक घर सरकारी, शेजारचं खाजगी. सरकारी घरं फक्त कोपऱ्याला कोपरा भिडतात. २०२१ साली मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी ठेवून एका सरकारी घरातून दुसऱ्यात पाय टाकला. खाजगी मातीला स्पर्शही केला नाही. मालकाने खटला भरला. न्यायालय म्हणालं, १८८५चा बेकायदा कुंपणांविरुद्धचा कायदा अशी अडवणूक करू देत नाही. कोलोरॅडो याच सर्किटमध्ये येतं.

माझ्या क जागेच्या मागे असा एक कोपरा आहे. तो यंदा आराखड्यात घेत नाही. राज्याचा अतिक्रमणाचा कायदा आणि हा निकाल यांचं नातं इथल्या अंमलदारांकडून स्पष्ट होईपर्यंत मला तिथे पाय टाकायचा नाही. पण वाचून आनंद झाला, खूप आनंद झाला. रात्री बाबांना फोन करून शिडीची गोष्ट सांगितली.

३० मार्च

अर्ज भरला. मुदत १ एप्रिल रात्री आठपर्यंत. कोलोरॅडोत रायफलने हरीण मारायचा परवाना सोडतीतून मिळतो. सांकेतिक क्रमांक असा वाचायचा: पहिलं अक्षर डी म्हणजे डियर, मग एम म्हणजे नर, मग युनिटचे तीन आकडे, मग हंगाम (ओ-दोन, म्हणजे दुसरा), शेवटी आर म्हणजे रायफल. चार पसंत्या देता येतात, पण मागच्या सोडतींतून साठवलेले पॉइंट पहिल्याच पसंतीला लागतात. माझ्याकडे दोन. रहिवासी म्हणून शुल्क पन्नास डॉलरच्या आसपास, बाहेरच्या राज्यातल्याला जवळपास दहापट.

तिसरा हंगाम का नाही, असं काकांनी विचारलं. नोव्हेंबरात माजाचे दिवस जवळ येतात, नर माद्यांच्या मागे उघड्यावर येतात, सोपं जातं. पण त्या परवान्यांना मागणी जास्त, माझे दोन पॉइंट पुरतीलसं वाटत नाही. दुसऱ्या हंगामात नर झाडीत दडून असतो. त्याला शोधायला जास्त बसावं लागेल. बसायची माझी तयारी आहे.

३ जून

परवाना लागला. पहिली पसंती. २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. शुल्क भरलं, रजा टाकली.

२९ जून

गेले दोन आठवडे या वहीत काही लिहिलं नाही, कारण रोज वेगळंच वाचत होतो. युटाच्या सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात सरकारी जमिनी विकायची तरतूद घातली होती. अकरा पश्चिमी राज्यांत, वीस लाख एकरांहून जास्त. काल रात्री त्यांनी ती मागे घेतली. शिकारी, मासेमार, गिर्यारोहक, गुरं चारणारे, एरवी एकमेकांशी भांडणारे सगळे एका बाजूला उभे राहिले. मीही फोन केले, तीन. प्रत्येक वेळी नाव, गाव, पिनकोड आणि एकच वाक्य. गावच्या गायरानाच्या वेळी मी सोळा वर्षांचा होतो आणि काय करायचं असतं ते माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जायला नको. ही जमीन आधी यूट या इथल्या मूळ रहिवाशांची. १८७९ साली मीकरच्या एजन्सीवर, म्हणजे यूटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ठाण्यावर, जे घडलं, एजंट नेथन मीकर मारला गेला, मिल्क क्रीकवर सैन्याशी लढाई झाली, त्यानंतर व्हाइट रिव्हर यूटांना १८८१ मध्ये युटात हाकलून दिलं. नकाशावरचा पिवळा रंग त्यानंतरचा आहे. मी "आपली जमीन" म्हणतो तेव्हा ते लक्षात ठेवून म्हणतो.

१२ आणि १३ जुलै

पहिली पाहणी. बायको बरोबर होती. शनिवारी अ जागेच्या धारेवर पहाटे बसलो. तिपाईवर दुर्बीण लावायची आणि डोंगर चौकोन चौकोन करून पाहायचा, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. हातात धरलेल्या दुर्बिणीने जे दिसत नाही ते तिपाईवर दिसतं. हलत नसलेल्या चित्रात हललेला कान डोळ्याला पकडता येतो. सात माद्या, चार पाडसं, मखमली शिंगांचे, म्हणजे वाढत्या शिंगांवर अजून लवदार कातडी असलेले, तीन नर एकत्र. सप्टेंबरात मखमल गळते आणि ही टोळी फुटते, त्यामुळे हेच तीन नर ऑक्टोबरात इथेच असतील असं धरायचं नाही.

त्याहून मोलाचं ते जमिनीवर सापडलं. धारेखाली उत्तरेच्या उतारावर जुनिपरच्या बुंध्याशी खरवडलेल्या बैठका, एकूण नऊ. प्रत्येकीच्या मागे झाड किंवा खडक, पुढे उघडा उतार. पाठीमागून वास येतो, समोरचं डोळ्यांना दिसतं. तिथे मीही बसून पाहिलं. खालून येणारा माणूस मला अर्धा मैल आधी दिसला असता.

वाऱ्याची नोंद, सुतळीचा दोरा काठीला बांधून: साडेपाचला उताराने खाली. सव्वाआठला थांबला. नऊला वर. ऊन लागलं की हवा चढते. म्हणजे सकाळी वरून पाहायचं, आणि नऊनंतर बसलेल्या नराकडे जायचं तर वरूनच, आडवं.

४ ऑगस्ट

दोन तारखेला विजा पडल्या. मीकरजवळ दोन वणवे, एल्क आणि ली. ली माझ्या खोऱ्यात आहे.

८ ऑगस्ट

१३ नंबरचा रस्ता बंद. लोकांना घरं सोडायला सांगितलं जातंय. नकाशावर लाल रेषा रोज पसरतेय. आज ती अ जागेवरून गेली. काकांचे एक जुने मित्र तिकडे गुरं पाळतात. त्यांनी जनावरं हलवली, सुखरूप आहेत. हरणांचा विचार मनात येतो, पण आज त्याबद्दल लिहायला लाज वाटते.

३१ ऑगस्ट

वणवा आटोक्यात. १ लाख ३७ हजार एकरांहून जास्त जळालं. राज्याच्या नोंदीतल्या सर्वांत मोठ्या पाच वणव्यांत याची गणना. अ गेली. ब ची दक्षिण कड गेली. क शाबूत.

परवाना परत करावा का, यावर बायकोशी बोललो. गणपती घरात, आरती झाल्यावर त्याच पाटाजवळ बसून बोललो. ती म्हणाली, आधी जाऊन बघून ये.

२० सप्टेंबर

पाहून आलो. अ जागेवर राखेत पाऊल घोट्यापर्यंत जातं. पिन्यनचे काळे खुंट. जिथे नऊ बैठका मोजल्या होत्या तिथे फक्त खडक ओळखू आले. तरी ओकच्या मुळांतून वीतभर फूट आलेली आहे, सर्व्हिसबेरीलाही. ही झुडपं मुळातून फुटतात. मोठं सेजब्रश फुटत नाही, ते बियांतूनच परत येतं आणि त्याला दशकं लागतात. तोवर तिथे चीटग्रास हे गवत घुसलं तर ते लवकर वाळून पुन्हा पेटतं आणि सेजब्रशला उभंच राहू देत नाही. या कळपाचा हिवाळ्याचा घास त्या सेजब्रशवर होता. ही खरी काळजी; माझी एका ऑक्टोबरची शिकार त्यापुढे काहीच नाही.

जळालेल्या आणि न जळालेल्याच्या सीमेवर मात्र ठसे भरपूर. कोवळे शेंडे खायला रात्री जळक्या भागात उतरायचं, दिवस उगवायच्या आत शाबूत झाडीत परतायचं. लेंड्या ताज्या. ब जागेच्या उत्तर भागात, सीमेपासून पाव मैलावर, दोन घळींच्या बेचक्यात एक सोंड आहे. तिथून सीमेचा दीड मैलाचा पट्टा दिसतो. नवा आराखडा या सोंडेभोवती.

परवाना ठेवला. मीकरच्या राज्य वन्यजीव कार्यालयात जाऊन विचारलं. या हंगामासाठी युनिट खुलं आहे. जळक्या उतारांवर पाऊस झाला की चिखल आणि दगड एकदम खाली येतात, घळीच्या तळाशी तंबू लावू नका, असं तिथल्या बाईंनी बजावलं. माझ्या आराखड्यात तंबू घळीच्या तळाशीच होता. बदलला.

५ ऑक्टोबर

केंद्र सरकारचं कामकाज १ तारखेपासून ठप्प आहे. जमिनी खुल्या आहेत, पण रस्त्यांची स्थिती विचारायला कुणी नाही. त्यामुळे पाण्याचे दोन डबे जास्त, चाकांना साखळ्या, फावडं.

नेमबाजी: रायफल .२७०, गोळी १३० ग्रेनची. सहा इंची लोखंडी तबकडी, बसून, तिपाईवर टेकवून. दोनशे यार्डांवर वीसपैकी वीस. अडीचशेवर वीसपैकी अठरा. तीनशेवर चौदा. मैदानात वारा, थंडी, चढलेला श्वास, समोर जिवंत जनावर. म्हणून मर्यादा दोनशे यार्ड, त्यापुढे नाही, कितीही मोठा नर असला तरी. बाबांचं वाक्य पहिल्या पानावर आहे.

१२ ऑक्टोबर

मांस उचलण्याचा हिशेब. गोळी लागल्यावर आधी परवान्याची चिठ्ठी, सही आणि तारीख घालून. नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. चारी तंगड्या, पाठीचे पट्टे आणि आतले पट्टे बाहेर आणणं कायद्याने सक्तीचं. ते टाकून येणं गुन्हा. कायदा नसता तरी आणलं असतं. हाडं काढून सोंडेवरून गाडीपर्यंत पावणेदोन मैल, दोन फेऱ्या. जळक्या बाजूने जवळ पडतं पण अर्धमेली झाडं वाऱ्यात कोसळतात, म्हणून लांबच्या ढोरवाटेने.

डोकं तपासणीला द्यायचं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग पहिल्यांदा दिसला तो याच राज्यात, १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डियरमध्ये. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत फ्रीजरमधल्या पुड्या वेगळ्या कप्प्यात, त्यावर तारीख. मुलीला सांगून ठेवलंय की तो कप्पा उघडायचा नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कालच सर्वोच्च न्यायालयाने एल्क माउंटनच्या मालकाचं अपील ऐकायला नकार दिला, म्हणजे शिडीवाल्यांचा निकाल कायम. बाबांनी तो आपणहून विचारला, मार्चमधली गोष्ट लक्षात ठेवून.

अमावस्येमुळे पुढचे चार-पाच दिवस रात्री अंधाऱ्या. काकांचं म्हणणं, अशा रात्रींनंतर हरणं पहाटे उशिरापर्यंत चरतात. पाहू.

बॅगेत चिवडा, चकल्या, शेव. फरसाणाच्या पिशवीची खसखस फार होते म्हणून सगळं सुती पिशवीत काढून घेतलं. नारिंगी जाकीट आणि टोपी: पाचशे चौरस इंच कमीतकमी, टोपी सगळीकडून दिसणारी.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. बहिणीने व्हिडिओवर ओवाळलं. बायकोकडे कागद दिला: गाडी कुठे, तंबू कुठे, रोज रात्री आठला उपग्रह यंत्रावरून संदेश, दोन रात्री संदेश आला नाही तर रिओ ब्लँको काउंटीच्या शेरीफला कळवायचं. तिने तो फ्रिजवर लावला.

२४ ऑक्टोबर, रात्र

तंबू सोंडेच्या खांद्यावर, सपाटीला. वाटेत आणखी तीन गाड्या दिसल्या, त्यातली एक माझ्या ठरलेल्या वळणावर. त्यांचा रोख जळक्या भागाच्या दक्षिणेकडे. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ बोलायला थांबले, कुठे बसणार ते त्यांनीही सांगितलं, मीही. उद्या कुणाच्या गोळीपुढे कुणी नको.

संध्याकाळी दुर्बिणीतून: सीमेवर नऊ माद्या, एक कोवळा नर. अंधार पडता पडता खालच्या घळीत एक जड अंगाचा, मान जाड झालेला, शिंगं पुरती दिसली नाहीत. तो जळक्याकडे गेला. परतायचा तर याच बेचक्यातून, किंवा पलीकडच्या नाळेतून.

सूर्योदय साडेसातच्या सुमारास, गोळी चालवायची वेळ त्याआधी अर्धा तास. पाचला उठणं, सहाला जागेवर. वारा आत्ता उताराने खाली वाहतोय, दोरा सरळ दरीकडे. रायफल रिकामी, गोळ्या जाकिटाच्या उजव्या खिशात. घरी संदेश गेला.